जयंतीस वार विचारू नका



फाल्गुन सरू लागला की येथील बौद्ध कुटुंबांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "यंदा जयंती कधी आहे?" बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे आपली बालवाडीतील लेकरेही घडाघडा सांगतात. तरी त्यांच्याच मातापित्यांस हा प्रश्न पडतो. विचारणाऱ्यास तारीख ठाऊकच असते. त्यास हवा असतो वार.

१४ एप्रिल हा या देशात कामाचा दिवस आहे. सभागृह, परवानगी, दोनशे माणसांचे भोजन, अजमान-शारजाहून येणारी कुटुंबे ही सारी जुळवाजुळव आठवडी सुट्टीलाच शक्य होते, हे आम्ही नाकारीत नाही. मेळावा खुशाल शनिवारी भरवावा. आमचा आक्षेप आहे तो त्या मेळाव्यासच जयंती म्हणण्यास. मेळावा झाला की जयंती 'उरकली' असे मानले जाते आणि प्रत्यक्ष १४ एप्रिलला घरात मेणबत्तीही लागत नाही.

२०२४ साली १४ एप्रिल रविवारी आला आणि ईदची सुट्टीही त्याच आठवड्यात होती. तारीख आणि फुरसत यांची अशी गाठ क्वचितच पडते. तेव्हा मायदेशातील काही नोकरदार आप्तेष्टांकडून उद्गार आला तो असा : "यंदाची सुट्टी वाया गेली!" बाबासाहेबांच्या जन्मदिनाचे मोल एका रजेइतकेच उरले काय?

बरे, ज्या आठवडी सुट्टीच्या खुंटीला आपण जयंती टांगतो ती खुंटी तरी स्थिर आहे काय? पूर्वी येथील सरकारी कचेऱ्या गुरुवार-शुक्रवारी बंद असत. सप्टेंबर २००६ पासून शुक्रवार-शनिवार आले. १ जानेवारी २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुट्टी असा पायंडा पडला. शारजाच्या सरकारी कचेऱ्यांस तर शुक्रवारसह तीन दिवस सुट्टी मिळते. वार बदलले, त्यांच्यामागे आपली जयंतीही फिरत राहिली. १४ एप्रिल मात्र जागचा हललेला नाही.

या बाबतीत यजमान देशाकडून एक विवेक शिकण्यासारखा आहे. २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने ईदखेरीज अन्य सुट्ट्या आठवड्याच्या आरंभी वा अखेरीस हलविता येतात. त्यानुसार त्या वर्षी राष्ट्रीय दिनाची मंगळवार-बुधवारची सुट्टी सोमवार-मंगळवारी देण्यात आली. परंतु म्हणून राज्याची स्थापना १ डिसेंबरला झाली, असे कोणी म्हटले नाही. सुट्टी हलली, दिन हलला नाही. एवढा भेद आपणांस का साधू नये?

काही उत्साही मंडळी तर याही पुढे जातात. डिसेंबरच्या आरंभी सलग सुट्टी मिळते, तेव्हा महापरिनिर्वाण दिनाची अभिवादन सभाही तीतच घ्यावी, अशी सूचना होते. जयंती चार दिवस उशिरा झाली तर एक वेळ समजता येईल. महापरिनिर्वाणाचे अभिवादन चार दिवस आधी कसे करावे, हे त्यांनीच सांगावे! ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणारा जनसागर वार पाहून येत नाही. रोजंदारी बुडवून, रेल्वेच्या गर्दीत लेकरे सांभाळीत तो येतो.

यावर उत्तर मिळते की, बाबासाहेबांनीही नागपूरच्या धम्मदीक्षेसाठी रविवारच निवडला होता. १४ ऑक्टोबर १९५६ हा रविवार होता, हे खरे. पण तो दिवस निवडला गेला अशोक विजयादशमी म्हणून. तो रविवारी आला, हा पंचांगाचा योग.

आणि रविवारच्या सुट्टीचीच गोष्ट काढायची तर ती आपल्याच चळवळीशी निगडित आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतील कामगारांना पगारी रजा देणारे विधेयक मांडले. १९४५ साली त्याचा कायदा झाला. हा वारसा सांगणाऱ्यांनी मेळाव्याचा वार ठरविताना कोणाचा विचार करावा? येथील कायद्याने कामगारास आठवड्यातून किमान एक दिवस विश्रांतीची हमी आहे. दोन दिवसांची नाही. मीना बाजारातील दुकानात उभा राहणारा आपला तरुण किंवा कामगार वसाहतीत राहणारा गवंडी शनिवारी कामावर असतो. स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनीची सुट्टी तिच्या मालकिणीच्या सोयीने ठरते. कार्यालयीन कुटुंबांच्या सोयीस 'सर्वांची सोय' म्हणणे आम्हांस मान्य नाही.

आमची मागणी मोठी नाही. १४ एप्रिलला, मग तो बुधवार असो वा सोमवार, कामावरून परतल्यावर बर दुबईतील ज्या घराची बैठक मोठी असेल तेथे रात्री आठला जमावे. पंधरा माणसे आली तरी चालतील. त्रिसरण, पंचशील, बुद्धवंदना, आणि एखाद्या मुलाने बाबासाहेबांवर दोन शब्द बोलावेत. एवढ्यास तासभर पुरतो. ज्यांची पाळी उशिरा सुटते त्यांच्यासाठी खीर झाकून ठेवावी. शनिवारच्या निमंत्रणपत्रिकेवर 'जयंती' न छापता 'जयंतीनिमित्त मेळावा' असे छापावे आणि त्याच्यावर, ठळक अक्षरांत, १४ एप्रिल.