श्वास नव्हे, सांधा

परवा बारावीतली एक मुलगी इंग्रजी अर्ज तपासायला घेऊन आली. दुसऱ्याच ओळीत होते : ‘आय वॉज इल, आय कुड नॉट अटेंड द क्लास.’ शब्द बरोबर, काळ बरोबर. चूक त्या स्वल्पविरामात. दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की इंग्रजीत त्याला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात.

ही चूक आळसाची नाही, तिच्यामागे मराठी कान आहे. ‘मी आजारी होते, वर्गाला येऊ शकले नाही’ हे मराठीत बिनदिक्कत चालते. शिवाय शाळेत आपण स्वल्पविराम शिकतो तो श्वासाच्या हिशेबाने : इथे थोडे थांबा, पूर्णविरामाला जास्त. नावातच विराम आहे. मोडी लिखाणात तर शब्दही सुटे लिहीत नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या पुढाकाराने इंग्रजी विरामचिन्हे मराठीत आली. आपण चिन्हे घेतली आणि ती आपल्या लयीत वापरली. आजची इंग्रजी श्वास मोजत नाही. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना कर्ता-क्रियापदासह स्वतःच्या पायावर उभे असलेले वाक्य आहे का, एवढेच ती पाहते. असेल, तर एकट्या स्वल्पविरामाला तो भार पेलत नाही.

मग वाटा चार. पूर्णविराम देऊन दोन वाक्ये करा. नाते जवळचे असेल तर अर्धविराम द्या. स्वल्पविरामानंतर ‘सो’, ‘बट’, ‘अँड’ यांसारखे उभयान्वयी अव्यय घाला. नाहीतर ‘बिकॉज’ लावून पहिले वाक्य गौण करा. मग तोच स्वल्पविराम बरोबर ठरतो.

सर्वांत जास्त फसवतो तो ‘हाउएव्हर’. मुले त्याला ‘बट’चा भाऊ समजतात आणि त्याच्याआधी स्वल्पविराम देऊन दोन वाक्ये जोडतात. ‘बट’ म्हणजे आपला ‘पण’. त्याची जागा दोन वाक्यांच्या मधोमध. ‘हाउएव्हर’ मात्र आपल्या ‘मात्र’सारखा आहे. ‘पाऊस पडला. तळे मात्र भरले नाही.’ इथे ‘मात्र’ दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसला आहे. वाक्यात फिरणारा शब्द सांधा होऊ शकत नाही, म्हणून ‘हाउएव्हर’ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या वाक्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो.

इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे : लाल गोल काढून थांबू नका. केवल, मिश्र, संयुक्त वाक्ये मुले मराठीच्या तासाला शिकलेली असतात. तेच ज्ञान हाताशी घ्या. मराठीला इंग्रजीच्या वाटेतला अडसर मानणे सोडू या. या कुलपाची किल्ली तिच्याकडेच आहे.

त्या मुलीला मी चारही वाटा दाखवल्या आणि विचारले, ‘तुला नेमके काय म्हणायचे आहे?’ ती म्हणाली, ‘अर्जात कारणच तर सांगायचे आहे.’ तिने वाक्याच्या सुरुवातीला ‘बिकॉज’ लिहिले. स्वल्पविराम होता तिथेच राहिला.