नळाच्या उगमाकडे

विकेंडला एकट्यानं चालायला जातोय, असं ऑफिसात नुसतं म्हणून बघा. कुणी हळूच विचारतं, 'ब्रेकअप झालं का?' कुणी म्हणतं, 'अरे, आम्हाला पण घे की!' आणि शुक्रवारी सकाळी नेमका त्याच्या मेव्हण्याचा साखरपुडा निघतो. म्हणून या फेब्रुवारीत ग्रुपवर मेसेजच टाकला नाही. सॅक भरली, घरी रूट लिहून ठेवला आणि रात्रीच्या एसटीनं सुटलो.

जायचं होतं भंडारदऱ्याला. त्यात काय नवीन, म्हणाल. नवीन एवढंच की गाडीनं थेट धरणावर न जाता रंधा धबधब्यापासून प्रवरेच्या कडेकडेनं वर चालायचं, तळ्याकाठी रात्र काढायची आणि रविवारी रतनवाडी गाठायची. शेंडी गावापर्यंत दहाएक किलोमीटर, पुढे वीसेक.

प्रवराच का? पुण्याला जाताना आपण कायगाव टोक्याचा पूल ओलांडतो ना, तिथंच प्रवरा गोदावरीला येऊन मिळते. पुढे नाथसागर, मग पाइपलाइन, मग आमच्या गारखेड्यातला नळ. आमच्या गल्लीत या नळाची वाट बघता बघता आठ-आठ दिवस गेलेत. येतो तेव्हा बॉसचा फोनही कुणी उचलत नाही! ज्या पाण्यासाठी एवढी धावपळ, ते निघतं कुठून, हे एकदा पायी जाऊन बघावं असं फार दिवसांपासून डोक्यात होतं.

रंधा पावसाळ्यात छातीत धडकी भरवतो. फेब्रुवारीत मात्र कातळच जास्त दिसतो. तिथून शेंडीचा रस्ता तसा साधा, नदी कधी शेजारी, कधी झाडीआड. एकट्यानं चालताना पहिला तासभर डोक्यात ऑफिसच चालू असतं, सांगून ठेवतो. मेल, अप्रेझल, त्या अमक्याला काय उत्तर द्यायला हवं होतं वगैरे. मग चढ लागतो आणि ते आपोआप बंद पडतं.

शेंडीत मिसळ हाणली आणि धरणाकडे वळलो. हे विल्सन डॅम, 1926 सालचं. दगडी भिंत 80 मीटरहून उंच, आणि मागे डोंगरांच्या कुशीत पसरलेला ऑर्थर लेक. ऐट एवढी, पण पोटात पाणी मावतं सुमारे 11 टीएमसी. आपला नाथसागर 102 टीएमसीचा! म्हणजे आपलं भांडं दांडगं, पण ते भरायचं तर वरून यायला हवं. म्हणून तर भांडण. 2014 च्या आदेशानुसार सूत्र असं ठरलं की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के उपयुक्त साठा नसेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. 2023 मध्ये असंच 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा इकडे पाण्यासाठी आणि तिकडे पाण्याविरुद्ध आंदोलनं झाली.

संध्याकाळी कोलटेंभ्याच्या अलीकडे एका घरी विचारून अंगणाखालच्या सपाटीवर तंबू टाकला. मावशींनी नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं.

'एकलाच आलास दादा? संगं कोनी नाही?'

'नाही मावशी.'

'भ्या नाही वाटत?'

'अजून तरी नाही.' (अंधार पडायचा होता.)

कुठून आलो हे सांगताना आमच्या नळाचं रडगाणंही सांगून झालं. मावशी हसल्या. 'आठ दिसांनी का व्हयना, घरात येतं ना? आमचं वैशाखात पानी खाली खाली जातं. हंडा घेऊन पार गाळात उतरावं लागतं.' मग हातातल्या उलथन्यानं तळ्याकडे दाखवत म्हणाल्या, 'मालकाच्या आज्याची जमीन हाये त्यात.'

यावर काय बोलणार? आम्ही 'हक्काचं पाणी' म्हणून बोंबलतो. संगमनेर-राहुरीकडचेही तेच म्हणतात, आणि त्यांचंही खोटं नाही. त्यांच्याकडच्या निळवंडे धरणाला मंजुरी 1970 ची, कालव्यात पाणी खेळलं 2023 मध्ये. पण दोन्हीकडच्या घोषणांत या मावशींचं गाव कुठंच नसतं.

रात्री थंडी बेक्कार. दोनला जाग आली. आवाज फक्त काठाला लागणाऱ्या पाण्याचा, मधूनच रातव्याचा. भीती वाटली का? वाटली. टॉर्च हातात धरून बसलो. पण थोड्या वेळानं तंबूची चेन उघडली तर पाण्यात चांदणं उतरलेलं, पलीकडे डोंगरांची काळी रांग. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे फोटो टाकायचाही प्रश्न नव्हता. सकाळपर्यंत तसाच बसून राहिलो.

रविवारी दुपारच्या आत रतनवाडी. अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ, खांबांवरची नक्षी निवांत बघायला तासभर तरी ठेवा. चप्पल काढून पुष्करणीपाशीही बसा. मग मागच्या वाटेनं रतनगडाच्या दिशेनं थोडं वर गेलो. प्रवरा याच डोंगरात उगम पावते. इथं ती एवढीशी धार, दगडावर पाय ठेवला की ओलांडून पलीकडे. ओंजळीनं तोंड धुतलं. पाणी इतकं गार की दात वाजले.

एक गुराखी पोरगा बघत होता. विचारलं, 'हे पाणी कुठं जातं माहितीये का?'

'धरणात,' तो म्हणाला.

'आणि तिथून?'

त्यानं खांदे उडवले आणि शेळ्यांमागे पळाला.