‘एमएस वर्ड येतं’ म्हणजे नक्की काय येतं?

तुमचा बायोडेटा उघडा. शेवटून दुसरी-तिसरी ओळ बघा. ‘कॉम्प्युटर स्किल्स : एमएस वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट.’ आहे ना? माझ्याही होती. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात ती खोटी निघाली.

झालं असं की, मी माझी पहिली बातमी टाइप करून डेस्कवरच्या सरांना दिली. मथळा मधोमध, परिच्छेद नीट, माझ्या मते एकदम भारी. सरांनी काही न बोलता होम टॅबमधलं ते उलट्या ‘पी’सारखं दिसणारं चिन्ह दाबलं आणि माझ्या फाइलचा एक्स-रेच निघाला. मथळा मधोमध आणायला मी सव्वीस वेळा स्पेसबार दाबला होता. सव्वीस ठिपके, ओळीने उभे! पुढच्या पानावर जायला अकरा वेळा एंटर. सर हसले आणि म्हणाले, “तू वर्ड वापरत नाहीस. तू टाइपरायटर वापरतोयस, फक्त त्याला स्क्रीन आहे.”

तुमच्या शेवटच्या असाइनमेंटवर ते बटण दाबून बघा. माझ्यावर हसण्याआधी!

खरं सांगायचं तर आपल्याला वर्ड कुणी शिकवलंच नाही. दहावीच्या सुट्टीत सर्टिफिकेट घेतलं, बोल्ड-इटॅलिक-अंडरलाइन पाठ केलं, संपलं. पुढे ‘टायपिंग म्हणजे क्लार्कचं काम’ असं म्हणून आपण ते सोडून दिलं. ते किती महागात पडतं, हे मी माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलं.

ती हॉस्टेलला राहायची, लॅपटॉप नव्हता. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर तिने साठ पानांचा प्रोजेक्ट मराठीत हाताने लिहिला आणि टायपिंगच्या दुकानात दिला. पानाला वीस रुपये, म्हणजे बाराशे गेले. मॅडमनी दुसऱ्या प्रकरणात दोन पानं वाढवायला सांगितली. पुढचे सगळे पानक्रमांक सरकले, अनुक्रमणिका चुकली, परत दुकान, परत पैसे. सबमिशनच्या दिवशी फाइल कॉलेजच्या लॅबमध्ये उघडली तर मराठीचा पत्ताच नाही. सगळी इंग्रजी अक्षरं, तीही अर्थ नसलेली. तिला वाटलं व्हायरस. ती जिन्यावर बसून रडत होती आणि ‘एमएस वर्ड येतं’ असं लिहिणारे आम्ही सगळे नुसते बघत होतो.

व्हायरस वगैरे काही नव्हता, फॉन्ट जुना होता. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतात. त्यात ‘भारत’ टाइप केलं की आत एच, के, के, जे, आर असं साठतं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मुखवटा गळून पडतो आणि हीच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर असतो. फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो आणि फाइलमध्ये शब्द शोधता येतो. गंमत म्हणजे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर जे मराठी लिहिता ते युनिकोडच असतं. म्हणजे आपल्याला ते येतंय, फक्त प्रोजेक्टची वेळ आली की आपण दुकानाची पायरी चढतो.

त्या प्रोजेक्टवरून तिला नंतर एक लेख लिहायचा होता. स्वतःचीच साठ पानं, पण कॉपी करून वापरता येईनात. पुन्हा टाइप करणं आलं. लेख राहूनच गेला. मला याचं जास्त वाईट वाटतं. मेहनत तिची, भाषा तिची, पण फाइलवर ताबा दुकानाचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की वर्डला फालतू समजू नका. सगळी बटणं शिकायची गरज नाही, चार गोष्टी पुरतात.

पहिली, स्टाइल्स. प्रकरणाचं नाव मोठं आणि ठळक करत बसू नका. त्याला ‘हेडिंग १’ द्या, उपशीर्षकाला ‘हेडिंग २’. मग रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मधे दोन पानं वाढली तर ती फक्त ‘अपडेट’ करायची. तिचे परत गेलेले पैसे या एका गोष्टीने वाचले असते.

दुसरी, पेज ब्रेक. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. नवं प्रकरण नव्या पानावर जातं आणि तिथेच राहतं. अकरा एंटर मारले, की वर एक ओळ वाढल्याबरोबर सगळं खाली घसरतं.

तिसरी, ट्रॅक चेंजेस. रिव्ह्यू टॅबमध्ये असतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोणी काय बदललं, काय उडवलं, सगळं दिसतं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फाइल्सची जत्रा थांबते. आणि कोणी काहीच केलं नाही, तेही कळतं!

चौथी, युनिकोड. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड सुरू करा किंवा मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये बोलून टाइप करा. प्रिंटला देताना पीडीएफ करून द्या, म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर काही हलत नाही. वर्ड विकत घ्यायला पैसे नसतील तर लिबरऑफिस रायटर फुकट आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं एआय करून देईल. देईल की. पण तिथून कॉपी करून पेस्ट केल्यावर तीन फॉन्ट आणि चार साइझचा जो काला होतो, तो निस्तरायला कोण येणार? तुम्हीच.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. प्रोजेक्टला मार्क आहेत, बाइंडिंगच्या रंगाचे नियम आहेत, मग पहिल्या वर्षी दोन तास हे शिकवायला काय हरकत आहे? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो धडपडत शिकेल. ज्याच्याकडे नाही त्याला लॅबमध्येच शिकवावं लागेल.

कॉलेज शिकवेपर्यंत थांबू नका. लॅपटॉप नसलेला एखादा मित्र, मैत्रीण तुमच्याही वर्गात असेलच. सबमिशनच्या आदल्या रात्री नाही, आजच तासभर त्यांच्यासोबत बसा.

माझ्या बायोडेटात ती ओळ अजून आहे. आता ती खरी आहे. तुमची?