तबकडी गेली, डीजे उरला

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कोपरीत, म्हणजे ठाणे पूर्वेला, मागच्या चाळीत एका मुलाची हळद होती. घर आगरी, त्यामुळे हळदीला धवलारीण आलेली. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. ठाणे-रायगडकडच्या आगरी-कोळी घरांत अजूनही कित्येक ठिकाणी तिच्या गाण्याशिवाय लग्नाचे विधी पुरे झाले असं मानत नाहीत. सत्तरी ओलांडलेली ती मावशी पाटाजवळ बसून गात होती. ओठ हलताना दिसत होते, पण शब्द एकही ऐकू येत नव्हता. कारण दारातच डीजे लावलेला. नवरदेवाच्या आईने दोनदा हातवारे करून पाहिले, पोरांना वाटलं ती नाचतेय! शेवटी मीच उठले.

डीजे वाजवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. समोर लॅपटॉप आणि शेजारी दोन गोल चकत्या असलेलं एक यंत्र. मी ओरडूनच विचारलं, "अरे, यात रेकॉर्ड कुठाय?"

तो हसला. "काकी, रेकॉर्ड कसली आता! सगळं लॅपटॉपमध्ये. ही चकती नुसती फिरवायला."

त्याने पाच मिनिटं आवाज कमी केला. मावशीचा धवला पुरा झाला आणि पुन्हा आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या.

मैत्रिणींनो, 'डीजे' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा अर्थ आठवतोय का? डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी, आणि ती वाजवणारा तो जॉकी, म्हणजे माणूस. आपल्याकडे मात्र डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. म्हणजे तबकडीही गेली आणि माणूसही. उरला तो फक्त आवाज!

आमच्या लहानपणी गणपतीच्या मांडवात लाऊडस्पीकरवाला यायचा. बांबूवर कर्णा बांधलेला आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. छोट्या रेकॉर्डीवर एका बाजूला एक-दोन गाणी, मोठ्या एलपीवर साधारण वीस मिनिटं. गाणं संपलं की सुई खरखरायची, मग तो उठून रेकॉर्ड उलटायचा किंवा बदलायचा. कधी चहाला गेला तर तेवढा वेळ गल्ली शांत. त्या शांततेत आई हाक मारायची, बाळं झोपायची, आजोबांच्या बातम्या ऐकून व्हायच्या. तेव्हाही कर्ण्याचा त्रास व्हायचा, नाही असं नाही. पण त्याला मध्येमध्ये विसावा होता.

परदेशातल्या डीजेंचं काम तर याहून कष्टाचं. त्यांच्यापुढे दोन टर्नटेबल असत. टेक्निक्स कंपनीचं 'एसएल-१२००' हे १९७२ साली आलेलं जपानी टर्नटेबल पुढे जगभरच्या डीजेंचं आवडतं झालं. एका तबकडीवर गाणं चालू असताना दुसरीवरचं गाणं हेडफोनमध्ये ऐकायचं, हाताने वेग जुळवायचा आणि ऐकणाऱ्याला सांधा कळणार नाही असं पहिल्यातून दुसऱ्यात जायचं. कान तयार व्हायला वर्षं लागत. शिवाय रेकॉर्डींच्या जड पेट्या वाहायच्या त्या वेगळ्याच.

मग २००१ मध्ये पायोनियरचा 'सीडीजे-१०००' आला. सीडीवरचं गाणंसुद्धा तबकडीसारखं हाताने मागेपुढे करता येऊ लागलं. त्याच सुमारास लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर आली आणि सीडीचीही गरज संपली. आता हजारो गाणी एका पेन ड्राइव्हमध्ये मावतात. दोन गाण्यांचा वेग जुळवायलाही बटण आहे. ते 'एसएल-१२००' बनवणं कंपनीने २०१० मध्ये थांबवलं, पण शौकिनांच्या आग्रहाने २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं.

यात वाईट काय? खरं तर बरंच काही चांगलंच आहे. पूर्वी या धंद्यात उतरायला रेकॉर्डींचा साठा लागायचा. आज एखादा मुलगा हप्त्यावर लॅपटॉप घेऊन लग्नसराईत चार पैसे कमावतो. कोळीगीतं, आगरी गाणी तो स्वतःच्या खोलीत बसून नव्याने बांधतो आणि ती गावोगाव पोचतात. कानठळ्या बसतात त्या लॅपटॉपने नाही, त्याला जोडलेल्या अॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या खोक्यांनी. पण एक गोष्ट मात्र लॅपटॉपनेच केली. त्याने गाण्याचा शेवट काढून घेतला. तबकडी स्वतःच थांबायची. लॅपटॉप कोणी थांबवेपर्यंत थांबत नाही.

आणि थांबणं किती गरजेचं आहे ते आकड्यांतच बघा. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांहून जास्त राहू नये, असं कामाच्या ठिकाणांसाठीचे तज्ज्ञ सांगतात. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं! कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आणि खोक्यांपुढे सगळ्यात जवळ नाचत असतात ती आपलीच चिल्लीपिल्ली.

कायदा आहे, आणि तो जुना आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, सण-उत्सवांसाठी, सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. आपल्या ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. त्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला. लाऊडस्पीकर लावणं हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क होऊ शकत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका.

ही शेवटची गोष्ट आपल्या बायकांसाठी फार मोलाची. कारण तक्रार आपण का करत नाही? कायदा माहीत नसतो म्हणून नाही. शेजार तुटेल म्हणून. उद्या त्याच घरी हळदीकुंकवाला जायचं असतं. 'आमच्याच कार्यात तुमच्या पोटात दुखतं' हे ऐकायचं नसतं. म्हणून घरातल्या आजारी सासूच्या कानात कापूस घालून आपण गप्प बसतो.

मला जास्त बोचलं ते वेगळंच. धवले हे बायकांचं गाणं. तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीच्या लग्नावर धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. म्हणजे सातशे वर्षांहून जुनी ही रीत. लग्नघरात कधी काय करायचं हे गाऊन सांगणारी बाई मांडवात मानाने बसायची. आता डीजेची सुपारी देतात घरातली पोरं आणि पुरुष. किती खोकी, किती वाजेपर्यंत, कोणती गाणी, सगळं तेच ठरवतात. गाणाऱ्या बायका नाचणाऱ्या झाल्या, नाहीतर चहाचे ट्रे फिरवणाऱ्या. नाचण्याला माझा मुळीच विरोध नाही, मीही नाचते! पण आपल्या घरच्या कार्यात आवाज कुणाचा असावा, हे आपल्याला कुणी विचारतं का?

म्हणून गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या हळदीला आम्ही जावा-जावांनी आधीच ठरवलं. डीजेवाल्याला पैसे देतानाच चार गोष्टी सांगितल्या. खोकी दोनच. तोंड आजारी माणसांच्या घराकडे नको. दहाच्या ठोक्याला बंद. आणि धवल्याच्या वेळी डीजे थांबवून त्याच यंत्राला मावशीचा माईक जोडायचा. दीर थोडे कुरकुरले, "लोक काय म्हणतील, दोन खोक्यांत हळद?" पण पैसे आम्हीही घातले होते.

मावशी माईकवर गायली. मागच्या रांगेतल्या पोरीही मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर डीजेवाला मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "आजी, पुन्हा एकदा म्हणाल? रेकॉर्ड करून ठेवतो." मावशीने पदर सावरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बरोबर दहाला आमचा डीजे बंद झाला. पलीकडच्या गल्लीतला मात्र सुरूच होता. त्या घरातल्या बायकांशी बोलायला हवं, तक्रारीच्या आधी. तुमच्याही गल्लीत लग्नसराई येईलच. सुपारी जाण्याआधी घरातल्या बायकांनी एकदा एकत्र बसायला काय हरकत आहे?