‘वय झालं’ हे उपचार नाकारण्याचे कारण नव्हे

ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची आजी मोरीत पाय घसरून पडते. पाय आखूड दिसतो, बाहेरच्या बाजूला वळतो, उठता येत नाही. खुब्याचे हाड मोडलेले असते. तालुक्याच्या गावी एक्स-रे निघतो आणि निकाल दिला जातो, ‘आता वय झालं, ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या.’ घरी नेलेली आजी पाठीवर पडून राहते. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, लघवीचा संसर्ग होतो. काही महिन्यांतच पुण्यानुमोदनाची पत्रिका निघते आणि तिच्यावर छापलेले असते, ‘वृद्धापकाळाने निधन’. हा वृद्धापकाळ नव्हे. हा उपचाराचा अभाव आहे!

वैद्यकशास्त्र वयाकडे बोट दाखवून थांबत नाही. ब्रिटनने २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या की, अशा रुग्णाची शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी आणि त्यानंतरच्या दिवशी त्याला उठवून उभे करावे. हाड कुठे मोडले त्यानुसार सळई बसवतात किंवा अर्धा सांधा बदलतात. कमरेत इंजेक्शन देऊनही हे होते. २०२० साली भारतासह १७ देशांतील सुमारे तीन हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा तासांत शस्त्रक्रिया केली काय आणि एका दिवसात केली काय, मृत्यूंत फरक पडला नाही. मात्र लवकर केलेल्यांत भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे तासांचा हट्ट नको, पण कागदांपायी आठवडा घालवणेही नको. शस्त्रक्रियेनंतरही या वयातले बरेच रुग्ण वर्षभरात जातात, हे लपवण्याचे कारण नाही. पण वेदना थांबणे, बसता येणे, स्वतःच्या हाताने घास घेता येणे, याला काही किंमत आहे की नाही?

कायदा काय म्हणतो? रेल्वेतून पडलेल्या शेतमजुराला कलकत्त्यातील सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग ठरवला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येतच औषधोपचार आहे. कलम २० सरकारी रुग्णालयात शक्य तितक्या खाटा ज्येष्ठांना देण्यास सांगते. (निर्वाहाच्या न्यायाधिकरणापुढे वकील चालत नाही, असेही त्यात लिहिले आहे. आमच्या व्यवसायाचे नुकसान, गरिबाची सोय.)

पैशाचे कारणही आता पुरेसे नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. अडते ते आधारवर. खुरपे आणि कोयता धरून झिजलेल्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही. अंदाजाने लिहिलेले वय प्रत्यक्षापेक्षा दहा वर्षांनी कमी निघते. पडल्यानंतर हे दुरुस्त करायला वेळ नसतो.

आमच्या नगर जिल्ह्याने, आता अहिल्यानगर, सोनई, खर्डा, जवखेडे पाहिले. शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर रात्री काढलेल्या कार्यकर्त्यांना अस्थिरोग विभागाची वाट मात्र फारशी ठाऊक नाही. याच जिल्ह्यात जामखेडला आरोळे दाम्पत्याने १९७० पासून शाळेचे तोंड न पाहिलेल्या, त्यात दलितही, बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. आपल्या विहारातल्या महिला मंडळाला वस्तीतल्या सत्तरीपुढच्यांची यादी करून कार्ड काढणे, आधारवरचे वय तपासणे जड नाही. आणि पडल्यावर कोणी तोंडी ‘घरी न्या’ म्हणाले, तर शस्त्रक्रिया का नको, हृदय, फुप्फुस, रक्त यातले नेमके काय आड येते, हे केसपेपरवर सहीनिशी लिहून मागावे. नुसते ‘वय’ लिहून दिले तर तो कागद घेऊन त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावे.