फोडणीचे काँक्रीट

आमच्या घरी शिळा भात टाकून देणे हा गुन्हा आहे. रात्रीचा भात उरला की सकाळी त्याला मोहरी, हिंग, हळद, कांदा आणि हिरव्या मिरचीची फोडणी बसते आणि ताटातल्या इतर पदार्थांना मागे सारून तोच आधी संपतो. दिवाळीच्या अंकात चिवडा-चकली सोडून हे शिळ्या भाताचे कौतुक कशाला, असे वाचक विचारतील. पण मळवलीला आम्ही नुकतेच जे घर बांधले, त्याच्या पायात हा फोडणीचा भात आहे. तीच हकीकत सांगायची आहे.

पुण्याहून लोकलने निघाले की लोणावळ्याच्या अलीकडचे स्टेशन मळवली. एका अंगाला इंद्रायणी आणि तिच्या पलीकडे कार्ल्याची लेणी; दुसऱ्या अंगाला भाजे, लोहगड आणि विसापूर. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९७४ साली येथे चार खोल्यांचे घर बांधले. स्लॅब पडल्यावर त्यांनी तीन आठवडे रजा काढली आणि रोज स्वतः स्लॅबवर पाणी मारले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माझ्या वाट्याला बादली आली होती.

मावळचा पाऊस कोणाची भीड ठेवत नाही. पन्नास पावसाळ्यांत स्लॅबमध्ये पाणी मुरले, सळया गंजून फुगल्या आणि एके दिवशी जेवणाच्या पाटापासून हातभर अंतरावर काँक्रीटचा ढलपा पडला. घर पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

कंत्राटदार मोठा उत्साही गृहस्थ होता. “राडारोड्याची काळजी सोडा, साहेब,” तो म्हणाला. “मागे ओढा आहेच. दोन रात्रींत जागा साफ करून देतो.”

मी मान डोलावली. खोटे कशाला बोलू? ‘दोन रात्रींत साफ’ हे शब्द मला फार गोड वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा आले. आबांचे भाताचे खाचर आमच्या कुंपणाला लागून, ओढ्याच्या काठी आहे. दर दिवाळीला ते नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन येतात. त्या दिवशी हात रिकामे होते. बराच वेळ ते पायरीवर गप्प बसले. मग म्हणाले, “भाऊ, राग नका मानू. अण्णांनी मागची पडवी पाडली, तवा तो राडा वड्यात टाकला व्हता. तवापासनं मोठा पाऊस झाला की वड्याचं पानी माज्या खाचरात वळतं. रोपं झोपत्यात. अण्णांना कवा बोललो न्हाई. मानूस चांगला व्हता. पन आता समदं घरच पडनार म्हनं...”

वाक्य अर्धेच ठेवून ते उठले. तीस वर्षे आम्ही आबांचा तांदूळ खात होतो आणि त्याच तांदळावर आमच्या पडवीचे दगड पडत होते, हे मला त्या संध्याकाळी कळले. रात्री मला जेवण गेले नाही.

कंत्राटदाराला थांबवले खरे. पण राडारोडा ठेवायचा कोठे? पुण्याला वाघोलीस आणि पिंपरी-चिंचवडला मोशीस राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प आहेत. मात्र मळवलीहून तेथवर डंपर धाडायचे म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. शेवटी माझ्या पुतणीला फोन केला. ती स्थापत्य अभियंता आहे आणि काकांना चार शब्द सुनावण्याची संधी ती सहसा दवडत नाही.

“काका,” ती म्हणाली, “सळई गंजली म्हणजे खडी गंजली असं कुठं आहे? काँक्रीटच्या आकारमानात सुमारे पाऊण हिस्सा खडी आणि वाळू असते. म्हणजे तुम्ही काळा दगड ओढ्यात टाकणार आणि तोच काळा दगड पुन्हा खाणीतून विकत आणणार!”

मी निरुत्तर झालो. मळवलीहून भाज्याला जाताना द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडावा लागतो. २००२ साली पूर्ण झालेला हा सुमारे ९५ किलोमीटरचा रस्ता काँक्रीटचाच. एवढ्या काँक्रीटला किती खडी लागली असेल आणि त्या खडीपायी किती दगड फुटला असेल? भाज्याच्या भिक्षूंसाठी दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी याच सह्याद्रीचा दगड फोडला, तेव्हा मागे लेणी राहिली. आपण फोडतो, तेव्हा मागे खड्डा राहतो.

जुने बांधकाम फोडून नव्यात घालण्याची कल्पनाही काही नवी नाही. रोमन लोक फुटक्या विटा आणि कौले चुन्याच्या काँक्रीटमध्ये घालीत. १९४५ नंतर जर्मनीत बेचिराख शहरांच्या ढिगाऱ्यातूनच नव्या भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडे दिल्लीत बुराडीला २००९ साली असा प्रकल्प सुरू झाला. २०१६ साली केंद्र सरकारने राडारोड्याचे नियम केले आणि त्याच वर्षी खडीच्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. ३८३ मध्ये, फोडलेल्या काँक्रीटच्या खडीला रीतसर जागा मिळाली.

ती जागा किती, हेही पुतणीने बजावले. पायाखालच्या हलक्या, एम १५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये सगळीच्या सगळी खडी अशी चालते. बिनसळईच्या इतर काँक्रीटमध्ये २५ टक्के. सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, तेही एम २५ प्रतीपर्यंतच. विटांचे तुकडे मिसळलेला राडा मात्र त्या हलक्या काँक्रीटपलीकडे नेता येत नाही.

मग काम सुरू झाले. प्रथम दारे-खिडक्या, फरशी, गिलावा आणि विटा वेगळ्या काढल्या. स्लॅब आणि तुळया फोडून सळया भंगारात दिल्या. उरले सुमारे पाच ब्रास काँक्रीट. पुण्याहून एक लहानसा जबड्याचा क्रशर भाड्याने आणला आणि आमच्या अंगणात दोन दिवस कानठळ्या बसवणारी दिवाळी झाली. मी एक तुकडा हातात घेतला. वरून करडा, मळकट. पण जेथे फुटला होता तेथे आतला दगड काळाभोर, कालच खाणीतून आल्यासारखा. अण्णांनी तीन आठवडे पाणी पाजलेली ती खडी होती. मी तो तुकडा खिशात टाकला. सौ.ने पाहिले, पण ती काही बोलली नाही.

पहिला माल कालवला आणि फजिती झाली. पाणी मापून घातले होते, तरी पाच मिनिटांत काँक्रीट कोरडे ठक्क झाले. गवंड्याने सवयीने वर बादलीभर पाणी ओतले. पुतणीने त्यातून ठोकळे भरून घेतले आणि ते तपासणीत साफ नापास झाले. गवंडी म्हणाला, “मी सांगत नव्हतो? ही खडी बेकार!”

पुतणी त्याला समजावू लागली की, या खडीला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो आणि... गवंड्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, शिळा भात आहे हा! फोडणीत टाकण्याआधी पाण्याचा हबका मारावा लागतो. नाहीतर कोरडा पडतो. आणि मागाहून पाणी ओतलं तर गिचका होतो.”

गवंडी हसला. त्याच्या घरीही शिळा भात होताच. दुसऱ्या दिवसापासून खडी आदल्या रात्री भिजवून, सकाळी वरचे पाणी निथळू देऊन मगच मिक्सरमध्ये जाऊ लागली. नापास झालेला भाग उखडून पुन्हा केला. नव्या मालाचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी तपासले. या खेपेस ते पास झाले.

त्यानंतर माझा उत्साह अनावर झाला. “आता स्लॅबही याच खडीचा घालू! अण्णांची खडी डोक्यावर राहील,” मी म्हणालो.

“मानक वीस टक्क्यांना परवानगी देतं, काका, पण आपल्याकडे दर खेपेचा माल तपासायची सोय नाही,” पुतणी म्हणाली. “स्लॅब आणि खांब नव्या खडीचेच. अण्णा आजोबांची खडी पायाखाली आणि जोत्याच्या जमिनीखाली राहील. तिथं ती शंभर वर्षं सुखानं झोपेल.”

मला थोडे वाईट वाटले, पण तिचे म्हणणे मानले. क्रशरचे भाडे आणि नापास मालाचा खर्च धरता पैसे वाचले, असे म्हणवत नाही. जी पावडर आणि विटांचा चुरा उरला, तो जोत्याच्या भरावात गेला. जेसीबी अंगणात होताच. तेव्हा तहसील कचेरीत अर्ज करून परवानगी काढली आणि ओढ्यात पडलेले पडवीचे जुने दगडही उचलून घेतले.

या पावसाळ्यात जुलैच्या एका रात्री असा पाऊस कोसळला की झोप लागेना. पहाटे छत्री घेऊन मागे गेलो. ओढा दुथडी भरून, पण आपल्या पात्रातून चालला होता. पलीकडच्या बांधावर डोक्यावर इरले घेतलेले आबा उभे होते. आम्ही दोघांनीही एकमेकांना काही विचारले नाही.

परवा ते तांदळाची पिशवी घेऊन आले. सौ.ने मुद्दाम दोन वाट्या भात जास्त लावला आहे. उद्या सकाळी आबांना न्याहारीला बोलावले आहे.