घरची शाळा आणि आमचा दाखला

मुंबई-पुण्यात काही पालक मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. ‘हे बेकायदा नाही का? मूल दहावी कसे होणार?’ असे त्यांना विचारले जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणे पालकाचे कर्तव्य ठरवले, पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. १४ वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. घरी शिकलेले मूल अडाणीच राहते, हा गैरसमज आहे.

परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. जात पडताळणीला शाळेचा दाखला मागतात. ज्याचे नावच पटावर नाही, त्याने किती हेलपाटे घालायचे? आणि मोलमजुरी करणाऱ्या मायबापाच्या घरी शिकवणार कोण?

वर्गातल्या जातीच्या टोमण्यांना कंटाळून मूल घरी ठेवावे, असे काही बांधवांना वाटते. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. पण १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. बाबासाहेब गोणपाटावर बसून शिकले. शाळेची ही जागा लढून मिळवलेली आहे. त्याच कायद्याचे १७ वे कलम मुलांच्या मानसिक छळाला बंदी घालते. तेव्हा बांधवांनो, मूल काढू नका. छळणाऱ्या मास्तराला जाब विचारा!